रुंबकच्या खोऱ्यात चार दिवस

हिमबिबट्या बघायला लडाखमधल्या रुंबक गावी जायचं होतं, पण लेहला उतरल्यावर पहिले दोन दिवस काही म्हणजे काही करायचं नाही, हे आम्ही घरून निघतानाच ठरवलं होतं. विमान तुम्हाला थेट 3500 मीटरवर नेऊन सोडतं आणि शरीराला ते कळायला वेळ लागतो, त्यामुळे गरम पाणी, सूप आणि झोप एवढंच. ज्यांना फेब्रुवारीत जायचंय त्यांनी सुट्टी वाचवायला हे दोन दिवस कापू नका, प्लीज.

तिसऱ्या दिवशी सिंधू ओलांडून जिंगचनपर्यंत गाडीने गेलो आणि तिथून पायी रुंबक. वाट बहुतेक ठिकाणी गोठलेल्या ओढ्याच्या काठाने किंवा सरळ ओढ्यावरूनच जाते, बर्फाखालून पाण्याचा बारीक आवाज येत राहतो आणि दोन्ही बाजूंना जांभळे, तांबडे, हिरवट खडक, काही तर पुस्तकं उभी लावून ठेवावीत तसे. मी सारखी थांबत होते, थोडं दम लागल्यामुळे आणि बरंचसं त्या रंगांमुळे.

हे सगळं हेमिस नॅशनल पार्कमध्ये येतं. 1981 मध्ये झालेलं, साधारण 4400 चौरस किलोमीटरचं, भारतातलं सगळ्यात मोठं नॅशनल पार्क, पण नॅशनल पार्क म्हटल्यावर जी झाडी डोळ्यासमोर येते तिचा इथे पत्ता नाही. पावसाळी ढग हिमालयाच्या पलीकडेच रिकामे होतात, वर्षभरात जेमतेम 100 मिलिमीटरच्या आसपास पाऊस-बर्फ पडतो, सह्याद्रीच्या घाटात तेवढा एका दिवसात पडून जातो! म्हणजे हे वाळवंटच, फक्त थंड आणि उंचावरचं. जे काही हिरवं उगवतं ते बर्फ वितळून येणाऱ्या पाण्याच्या कडेने, विलो, रानगुलाब, काट्यांचं सी-बकथॉर्न. फेब्रुवारीत तेही सगळं काड्या झालेलं. गावं पार्कच्या आतच आहेत आणि त्यांची जवाची शेतंही याच वितळलेल्या पाण्यावर.

रुंबक छोटंसं, मोजक्या घरांचं गाव. आम्ही होमस्टेला राहिलो, घरच्या आजींना सगळे आमा-ले म्हणत होते म्हणून आम्हीही आमा-ले. स्वयंपाकघरात मधोमध चूल, तिच्यात शेण्या जळतायत, भिंतीवर चकचकीत तांब्या-पितळेची भांडी आणि कप अर्धा झाला की लगेच भरला जाणारा खारा लोण्याचा चहा. मला तो पहिल्या दिवसापासून आवडला, कारण रात्री बाहेर उणे वीस होतं आणि तो प्यायला की खरंच अंगात ऊब येते.

पहिल्या सकाळी समोरच्या उतारावर मला नुसते दगड दिसले. गाईडने (त्याला सगळे आचो-ले म्हणतात) स्कोप (तिवईवरची मोठी दुर्बीण) लावून दिला आणि त्यातले सतरा दगड चरत होते. भरल, म्हणजे हिमालयातल्या रानमेंढ्या! पाठीचा रंग अगदी त्या पाटीच्या दगडासारखा निळसर करडा, हलले नाहीत तर दिसतच नाहीत. त्या दिवशी आम्ही दुसरीकडे कुठे गेलोच नाही, उभ्या कड्यावर ते कसे पाय टाकतात, एक मान वर करतो मग सगळे कसे वर बघतात, हेच बघत बसलो. मला विचाराल तर हिमबिबट्याइतकेच भरल बघायला इथे यावं. हिवाळ्यात वर बर्फ साचतो म्हणून ते खाली उतरतात आणि त्यांच्यामागे बिबट्या. शिवाय हा बिबट्यांचा जोडीदार शोधायचा काळ, त्यामुळे कड्यांच्या पायथ्याशी खुणा भरपूर. आचो-लेने ओणव्या दगडावर बिबट्याने मूत्र फवारलेली जागा दाखवली, शेजारी पंजाने उकरलेली माती.

देशव्यापी गणतीत भारतात 718 हिमबिबटे निघाले, त्यातले 477 एकट्या लडाखमध्ये. आकडा 2024 च्या जानेवारीत आला. पण तो प्राणी रात्री मेंढ्यांच्या गोठ्यात शिरला तर काय होतं ते आमा-लेंनी सांगितलं. मेंढ्या घाबरून पळायला लागतात, त्याला बाहेर पडता येत नाही आणि तो एकामागून एक मारत जातो, एका रात्रीत घराचं सगळं संपतं. पूर्वी लोक त्यालाही मारायचे. आता गोठ्यांवर छत म्हणून मजबूत जाळी आहे आणि तोच बिबट्या बघायला येणाऱ्यांमुळे घरात पैसा येतो.

चौथ्या सकाळी पलीकडच्या धारेवर मॅगपाय आणि कावळे घिरट्या घालत होते. आचो-ले बराच वेळ स्कोपला डोळा लावून बसला आणि मग काही न बोलता बाजूला झाला. मारलेल्या भरलापासून थोडं वर, कपारीत, शेपूट तोंडाभोवती गुंडाळून तो झोपला होता. तीन तासांत दोनदा कूस बदलली. मला रडू आलं, खरंच.

गावात बातमी पोचली तेव्हा आमा-लेंनी आधी विचारलं, कुठल्या बाजूला? मग जाऊन गोठ्याची जाळी हाताने ओढून बघितली आणि नंतर वर येऊन स्कोपमधून निवांत बघत राहिल्या. "खाऊन झोपलाय," त्या म्हणाल्या, "आज नाही यायचा." आणि मेंढ्या सोडायला खाली गेल्या.