ग्रेटफुल डेड : मैफलीवर जगलेला बँड

एखाद्या रॉक बँडची थोरवी बहुधा त्याच्या खपलेल्या अल्बमांवरून आणि लोकप्रियतेच्या यादीत त्याच्या गाण्यांनी मिळवलेल्या क्रमांकांवरून ठरवली जाते. ग्रेटफुल डेड या अमेरिकी बँडला हे माप लावले, तर हाती फारसे काही लागत नाही. १९६५ ते १९९५ या तीस वर्षांत त्यांचे एकच गाणे अमेरिकेतील पहिल्या दहांत पोहोचले, आणि तेही १९८७ साली. मात्र याच तीस वर्षांत त्यांनी सुमारे २,३०० जाहीर कार्यक्रम केले आणि त्यांच्यामागे शहरामागून शहर फिरणारा असा श्रोतृवर्ग तयार झाला की, तितक्या निष्ठेचे श्रोते रॉकच्या इतिहासात दुसऱ्या कुणाला क्वचितच लाभले असतील. या श्रोत्यांना ‘डेडहेड’ म्हणतात. सांगली-मिरजेच्या परिसरात वाढलेल्या माणसाला या बँडचे मर्म तुलनेने लवकर उमगते, असे माझे मत आहे. एकच राग, एकच बंदिश पुन्हा पुन्हा ऐकायला जाणारी माणसे आपण लहानपणापासून पाहिलेली असतात आणि त्यांना काय हवे असते, हे आपल्याला कुणी समजावून सांगावे लागत नाही.

बँडची सुरुवात कॅलिफोर्नियातील पालो आल्टो येथे झाली. जेरी गार्सिया, बॉब वीअर, ‘पिगपेन’ या नावाने ओळखला जाणारा रॉन मॅकर्नन, फिल लेश आणि बिल क्रॉइट्झमन हे पाच जण प्रथम ‘वॉरलॉक्स’ या नावाने वाजवत असत. गार्सियाचा हात बँजोवर आणि डोंगरी लोकसंगीतावर घडलेला होता, पिगपेन ब्लूजमध्ये मुरलेला होता, तर लेश आधुनिक पाश्चात्त्य संगीतरचना शिकलेला ट्रम्पेटवादक होता आणि बास गिटार त्याने या बँडसाठीच हाती घेतली. इतक्या वेगळ्या वळणाची माणसे एकत्र आल्यामुळे या बँडचे वादन कधी एका सुरात चाललेल्या मिरवणुकीसारखे झाले नाही. प्रत्येक जण आपले बोलतो आणि तरीही दुसऱ्याचे ऐकतो, हे त्यांच्या वादनात सतत जाणवते.

केन केसी या लेखकाच्या पुढाकाराने त्या काळी ‘अॅसिड टेस्ट’ नावाच्या ज्या रात्री होत, त्यांत हा बँड वाजवत असे. एलएसडी (बोलीत ‘अॅसिड’) हे भास निर्माण करणारे द्रव्य १९६६च्या उत्तरार्धापर्यंत कॅलिफोर्नियात कायदेशीर होते आणि त्या रात्रींत ते मुक्तपणे घेतले जाई. सायकेडेलिक, म्हणजे अशा भासमय अनुभवाशी नाते सांगणारे, हे विशेषण या बँडला तिथूनच चिकटले. त्या द्रव्याला या संगीताचे श्रेय देणारे लिखाण पुष्कळ आहे आणि मला ते पटत नाही. नशेत वाजवणारे त्या काळी शेकड्यांनी होते, पण तीस वर्षे एकमेकांकडे कान लावून वाजवणारे फार थोडे होते. त्या रात्रींनी बँडला खरे काय दिले असेल, तर मोकळीक. तिथे येणारे लोक केवळ त्यांच्यासाठी तिकीट काढून आलेले नसत. त्यामुळे गाणे तीन मिनिटांत संपवण्याचे, नेमके अमुकच गाणे वाजवण्याचे, किंबहुना वाजवलेच पाहिजे असेही बंधन त्यांच्यावर नव्हते.

ही मोकळीक कुठवर गेली, हे ‘डार्क स्टार’ या एका गाण्यावरून दिसते. १९६८ साली ते लहान तबकडीवर प्रसिद्ध झाले तेव्हा त्याची लांबी तीन मिनिटांहूनही कमी होती. पुढच्याच वर्षी ‘लाइव्ह/डेड’ या अल्बमवर तेच गाणे तेवीस मिनिटांचे झाले. शब्द तेच आणि तितकेच थोडे. वाढ झाली ती सगळी वाजवण्यात. बंदिशीच्या दोन ओळी आणि त्यांवर उभा राहणारा तासाभराचा ख्याल ज्याने ऐकला आहे, त्याला या लांबीचे आश्चर्य वाटत नाही. गार्सिया एखादी छोटी स्वरावली घेऊन येतो, ती थोडी वाकवतो, लेश तिला खालून अनपेक्षित स्वर देतो, आणि मग मूळ गाणे कुठे गेले असे वाटत असतानाच तो ओळखीचा तुकडा परत येतो. समेवर आल्याचा जो आनंद आपल्याकडे मान डोलावून व्यक्त होतो, तोच त्या ध्वनिमुद्रणांत श्रोत्यांच्या आरोळीने व्यक्त होतो. १९७२च्या ऑगस्टमध्ये ऑरेगॉनमधील व्हेनेटा येथे उघड्या मैदानावर त्यांनी हेच गाणे अर्ध्या तासाहून अधिक वाजवले. ते १९६९च्या गाण्याहून इतके निराळे आहे की, नवख्या श्रोत्याला दोन्हींचे नाव एकच आहे हे सांगूनही खरे वाटणार नाही.

आपल्या संगीताशी या बँडचा संबंध केवळ तुलनेपुरता नाही. १९६७ साली मिकी हार्ट हा दुसरा ड्रमवादक बँडमध्ये आला आणि त्याच सुमारास उस्ताद अल्लारखाँ यांच्याकडून त्याला तालाची दीक्षा मिळाली. रॉकमधील चार मात्रांच्या ठेक्यापलीकडे बँड गेला, त्यामागे ही शिकवण होती. त्यांच्या एका रचनेचे नावच ‘द इलेव्हन’ आहे, कारण ती अकरा मात्रांत बांधलेली आहे. मिरजेतील एका ज्येष्ठ तबलावादक स्नेह्यांना मी ही रचना ऐकवली होती. ते चहाचा कप बाजूला ठेवून बोटांच्या पेरांवर मोजू लागले आणि दुसऱ्याच आवर्तनाला म्हणाले, “अहो, हे तीन-तीन-तीन-दोन चाललंय. आपला रुद्र ताल अकराचाच, पण त्याचं वजन वेगळं. पुन्हा लावा बघू.” त्यानंतर त्यांनी गिटारकडे लक्षच दिले नाही, दोन ड्रमवादकांपैकी कोण आवर्तन धरून आहे आणि कोण खेळतो आहे, एवढेच ते शेवटपर्यंत शोधत राहिले. ‘प्लेइंग इन द बँड’ ही दहा मात्रांची रचना मात्र त्यांना विशेष आवडली नाही. झपताल ज्याने आयुष्यभर वाजवला, त्याला ती थोडी कोरडी वाटणे मी समजू शकतो.

हार्टचा हा धागा पुढे उस्ताद झाकिर हुसेन यांच्यापर्यंत गेला. कॅलिफोर्नियातील अली अकबर खाँ यांच्या संगीत विद्यालयातील विद्यार्थ्यांच्या तालवाद्यवृंदातून ‘दिगा ऱ्हिदम बँड’ आकाराला आला आणि त्याचा अल्बम १९७६ साली निघाला. १९९१च्या ‘प्लॅनेट ड्रम’ या अल्बममध्येही हे दोघे एकत्र होते आणि जागतिक संगीतासाठीचे पहिले ग्रॅमी पारितोषिक त्यालाच मिळाले. झाकिरभाईंच्या निधनानंतर आपल्याकडे जे लिहिले गेले, त्यात या मैत्रीची जेवढी दखल घ्यायला हवी होती तेवढी घेतली गेली नाही, अशी माझी खंत आहे.

मैफल हेच सर्वस्व मानल्यावर ती शेवटच्या रांगेपर्यंत नीट ऐकू गेली पाहिजे, हा ध्यास ओघानेच आला. १९७४ साली बँडने ‘वॉल ऑफ साउंड’ नावाची ध्वनियंत्रणा उभी केली. ऑउस्ली स्टॅन्ली आणि त्याच्या सहकाऱ्यांनी रचलेल्या या भिंतीत सुमारे ६०० स्पीकर होते आणि तिचे वजन ७५ टनांच्या घरात होते. प्रत्येक वाद्याला स्वतंत्र स्पीकर होते, लेशच्या बासच्या तर प्रत्येक तारेलाही. ही भिंत वादकांच्या पाठीमागे असे, त्यामुळे श्रोत्यांना जे ऐकू येई तेच वादकांनाही ऐकू येई. मात्र मागून येणारा हा आवाज गायकाच्या माइकमध्ये शिरून शिट्टी वाजू नये, म्हणून प्रत्येक गायकापुढे दोन माइक उलट्या जोडणीने बसवले जात आणि गायक त्यांपैकी एकातच गाई. दोन्ही माइकमध्ये सारखाच शिरणारा भिंतीचा आवाज परस्परांना खोडून टाकी आणि एकाच माइकमध्ये गेलेला गळा तेवढा उरे. कार्यक्रमांत कर्ण्यांच्या कर्कश आवाजाने कान किटलेल्या आपल्यासारख्यांना या काटेकोरपणाचे मोल वेगळे सांगायला नको. या यंत्रणेचा खर्च मात्र बँडला झेपला नाही, आणि १९७४च्या ऑक्टोबरनंतर त्यांनी दीड वर्षाहून अधिक काळ दौरे थांबवले.

या बँडचे सर्वांत मोठे कर्तृत्व मला दिसते, ते श्रोत्यांशी त्याने जोडलेल्या नात्यात. १९७१च्या अल्बमच्या वेष्टनात त्यांनी श्रोत्यांना उद्देशून एक मजकूर छापला : तुम्ही कोण आहात, कुठे आहात, कसे आहात, आपले नाव आणि पत्ता आम्हाला कळवा. त्यातून पत्त्यांची यादी तयार झाली आणि बँडचे बातमीपत्र थेट घरी पोहोचू लागले. १९८३पासून ते टपालाने स्वतः तिकिटे विकू लागले, तेव्हा आपले पाकीट लक्षात राहावे म्हणून लोक त्यावर गुलाब, कवट्या, अस्वले रंगवून पाठवत. त्यांतली असंख्य पाकिटे आज सांताक्रूझ येथील कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या संग्रहात जपून ठेवलेली आहेत.

ध्वनिमुद्रणाच्या बाबतीत त्यांनी याहूनही धाडस दाखवले. इतर बँड टेपरेकॉर्डर घेऊन येणाऱ्यांना दारातच अडवत असत. डेडच्या कार्यक्रमांत मात्र ही मंडळी चोरून, मग सांभाळून घेतल्यासारखी आणि अखेर १९८४च्या ऑक्टोबरपासून अधिकृतपणे, त्यांच्यासाठी राखलेल्या जागेत बसून मुद्रण करू लागली. साउंड मिक्सरच्या मागे उंच काठ्यांवर बांधलेल्या माइकांचे रान उभे राही. अट एकच होती : या कॅसेटी विकायच्या नाहीत, फक्त द्यायच्या-घ्यायच्या. ज्याच्याकडे बदल्यात देण्यासारखे काही नसे, तो कोऱ्या कॅसेटी आणि टपालखर्च पाठवी आणि अनोळखी माणूस त्याला कार्यक्रम भरून परत पाठवी. आपल्याकडच्या गानरसिकांनीही मैफलींची खासगी मुद्रणे अशीच जपली, पण ती बहुधा कपाटात आणि विश्वासातल्या माणसापुरती राहिली. कलावंताने स्वतः होऊन ‘घेऊन जा’ म्हणणे, ही गोष्ट माझ्या दृष्टीने फार मोठी आहे. त्यामागे विचारही पक्का होता. आज वाजले ते उद्या वाजणार नाही, याची वादकांना खात्री असेल, तर कॅसेट घरी नेलेला माणूस पुढच्या कार्यक्रमाला हमखास येतो. कार्यक्रमातील गाण्यांची यादी ते आधी ठरवत नसत आणि त्यांच्याजवळ चारशेहून अधिक गाणी होती, त्यामुळे ही खात्री खरी ठरत राहिली.

८ मे १९७७ रोजी न्यूयॉर्क राज्यातील कॉर्नेल विद्यापीठाच्या बार्टन हॉलमध्ये झालेला कार्यक्रम या देवाणघेवाणीतूनच अजरामर झाला. मे महिना असूनही त्या दिवशी तिथे बर्फ पडला होता. बँडची ध्वनिमुद्रक बेटी कँटर-जॅक्सन हिने केलेले त्याचे मुद्रण इतके स्वच्छ आहे की, ‘स्कार्लेट बिगोनियाज’ संपून ‘फायर ऑन द माउंटन’ नेमके कुठे सुरू होते, हे शोधण्यासाठी मी ती जागा अनेकदा ऐकली आहे. आधी बास बदलतो; ड्रम त्याला जाऊन मिळतात; गिटार मात्र काही काळ जुन्याच गाण्याशी रेंगाळत राहते आणि मग हळूच उंबरठा ओलांडते. तिच्या मुद्रणांच्या मूळ टेपा पुढे भाडे थकल्यामुळे गोदामासह लिलावात गेल्या होत्या. कॉर्नेलचा कार्यक्रम २०११च्या निवडीत अमेरिकेच्या राष्ट्रीय ध्वनिमुद्रण नोंदवहीत दाखल झाला, आणि अधिकृत अल्बम म्हणून तो बाजारात आला तो चाळीस वर्षांनी, २०१७ साली.

उतरणीचा काळ मी थोडक्यात सांगतो, कारण तो ऐकायला त्रासदायक आहे. पिगपेन १९७३ साली सत्ताविसाव्या वर्षी गेला. १९८६ साली गार्सिया मधुमेहामुळे कोमात गेला आणि शुद्धीवर आल्यावर त्याला गिटार जवळजवळ नव्याने शिकावी लागली. त्यानंतर वर्षभरातच ‘टच ऑफ ग्रे’ हे त्यांचे पहिल्या दहांत पोहोचलेले एकमेव गाणे गाजले आणि मैदानांबाहेर तिकीट नसलेल्यांची गर्दी लोटू लागली. कीबोर्डवादक ब्रेंट मिडलँड १९९० साली अमली द्रव्यांनी गेला. १९९५च्या जुलैमध्ये इंडियाना राज्यात जमावाने कुंपण तोडून आत मुसंडी मारली आणि दुसऱ्या दिवशीचा कार्यक्रम रद्द करावा लागला. एकमेकांवरच्या विश्वासावर उभ्या राहिलेल्या या बँडला स्वतःच्याच गर्दीला आवरा म्हणून पत्रक काढावे लागले, हे मला त्यांच्या साऱ्या इतिहासात सर्वांत दुःखद वाटते. ९ जुलै रोजी शिकागोच्या सोल्जर फील्डवर शेवटचा कार्यक्रम झाला. ९ ऑगस्ट रोजी, व्यसनमुक्तीसाठी दाखल झालेला असताना गार्सिया हृदयविकाराने गेला. तो ५३ वर्षांचा होता. त्याच्या अस्थींचा काही भाग १९९६च्या एप्रिलमध्ये वीअरने आणि गार्सियाच्या पत्नीने ऋषिकेश येथे गंगेत विसर्जित केला.

आज त्यांचे हजारो कार्यक्रम इंटरनेट अर्काइव्हवर मोफत ऐकता येतात. नव्याने ऐकू इच्छिणाऱ्यांनी तिथे एकदम उडी घेऊ नये, असे मी सुचवीन. त्या पसाऱ्यात माणूस हरवतो. आधी १९७० सालचा ‘अमेरिकन ब्यूटी’ हा अल्बम ऐकावा, म्हणजे गाण्यांचे मूळ चेहरे ओळखीचे होतात. मग ‘लाइव्ह/डेड’मधील ‘डार्क स्टार’ रात्री, हातातले काम ठेवून, सलग ऐकावे. त्यानंतर कॉर्नेल, आणि त्यानंतर व्हेनेटा. ज्यांना तालाची आवड आहे, त्यांनी ‘द इलेव्हन’साठी मात्र थांबू नये. ते ‘लाइव्ह/डेड’वरच आहे, आणि पहिल्या ऐकण्यात अकरा मात्रा मोजून सापडल्या नाहीत, तर टाळी देत ऐकावे.