बावीस मिनिटं पोह्यांच्या गप्पा

दोन वर्षांपूर्वीचा डिसेंबर, राजगड, गुंजवण्यातून चोर दरवाजाच्या वाटेने चढत होतो. ग्रुप चौतीस जणांचा, मी बॅक लीड म्हणजे सगळ्यात शेवटी, आणि रेलिंगच्या खाली जरा आधी आमच्यातल्या एका काकूंचा पाय मुरगळला. फार नाही पण टेकवत नव्हता. फर्स्ट एडची पिशवी लीडकडे आणि लीड वर पद्मावती माचीवर पोचलेला. मी शांतपणे वॉकी म्हणजे वॉकीटॉकी काढला, बटण दाबलं, तर टूंक. परत दाबलं, परत टूंक. चॅनल बिझी. आणि स्पीकरमधून काय येतंय तर आमचा लीड दादा कोणाला तरी सांगतोय की गुंजवण्यातल्या पोह्यांत शेंगदाणे कमी होते आणि त्याच्या सासूबाई पोह्यात बटाटा घालतात, ते त्याला अजिबात चालत नाही.

बावीस मिनिटं. मी घड्याळ बघत होते म्हणून माहितीये. बावीस मिनिटं तो माणूस नॉनस्टॉप आमच्या चारही सेटवर लाईव्ह होता आणि त्याला पत्ताच नव्हता. सेट त्याने सॅकच्या साईड पॉकेटमध्ये कोंबलेला, वरून आवळलेला पट्टा बरोबर पीटीटीच्या म्हणजे दाबून बोलायच्या बटणावर बसलेला. आता वॉकीची गंमत अशी की बोलताना ऐकू येत नाही, एकावेळी एकच काम, त्यामुळे त्याला ओरडून सांगायची सोय नाही, तो बोलतोय तोवर त्याचा सेट बहिरा. मोबाईलला एक काडी यायची आणि कॉल लावला की जायची. शेवटी एका कॉलेजच्या पोराला पळवलं वर, तो जाऊन म्हणाला, दादा सासूबाईंचं पुरे, खाली काकू बसल्यात.

काकूंना तसं काही झालं नाही, क्रेप बँडेज बांधून हळूहळू उतरवल्या. पण मला त्या दिवशी पहिल्यांदा नीट कळलं की वॉकी सेफली वापरायचा म्हणजे काय. तोपर्यंत माझ्या डोक्यात सेफ्टी म्हणजे रेडिएशन. सगळे तेच विचारतात ना, "अगं ते कानाला लावायचं नाही ना, कॅन्सर होतो." खरा घोळ मात्र एका नायलॉनच्या पट्ट्याने घातला.

यावर उपाय सेटमध्येच असतो. टाईम आउट टायमर, मेनूत टीओटी म्हणून दिसतो. साठ सेकंद लावला की कोणी बटणावर बसून राहिला तरी मिनिटाने सेट आपोआप प्रक्षेपण बंद करतो. आमच्या सेटला होता की. कोणीतरी "मध्येच कट होतं बाबा" म्हणून मेनूत जाऊन बंद करून ठेवलेला. आता मी बसमध्येच प्रत्येक सेटचा टीओटी बघते, लोक हसतात, हसू देत. आणि सेट सॅकमध्ये नाही, खांद्याच्या पट्ट्यावर, बटण बाहेरच्या बाजूला. माचीवरच्या वाऱ्यात व्हॉक्स पण बंद ठेवायचा, तो आवाज ऐकून आपणहून चालू होणारा प्रकार, कारण वारा हाही त्याच्या दृष्टीने आवाजच, आणि मग संजीवनी माचीवरचा वारा सगळ्यांना ऐकवत बसतो.

आणि ते टूंक? ते बिझी चॅनल लॉकमुळे, म्हणजे चॅनलवर कोणी बोलत असेल तर सेट आपल्याला बोलूच देत नाही. काहींचं म्हणणं ते काढून टाकावं म्हणजे इमर्जन्सीत मध्ये घुसता येतं. काढलं तरी फार उपयोग नाही हो. या सेट्समध्ये एफएम असतं आणि एफएममध्ये ज्याचा सिग्नल तगडा तोच ऐकू येतो, दुसरा दबतो. त्यात जो बटण दाबून बसलाय त्याला तर काहीच ऐकू येणार नाही. म्हणून आता आमचं ठरलंय, चॅनल अडकलं तर सगळ्यांनी दुसऱ्या ठरलेल्या चॅनलवर जायचं. आणि गळ्यात शिट्टी. शिट्टीला बॅटरी लागत नाही.

बॅटरीवरून आठवलं. त्याच सीझनला आमच्या एका मुलाने स्पेअर बॅटरी जीन्सच्या खिशात टाकली, त्याच खिशात घराच्या किल्ल्या. बसमध्ये झोपला होता, एकदम ओरडत उठला, खिसा तापलेला. बॅटरीच्या मागे ते दोन-तीन पितळी ठिपके असतात ना, उघडे, त्यावर किल्लीचा जुडगा आडवा पडला की झालं शॉर्ट. ७.४ व्होल्ट म्हटलं की माणसाला वाटतं यात काय होणारे, शॉक तर लागत नाही. शॉक नाही लागत, पण शॉर्ट झाल्यावर करंट एवढा सुटतो की किल्ली चटका देण्याइतकी तापते. त्याच्या मांडीवर रुपयाएवढा लाल डाग उठलेला, किल्लीच्या दातांचा ठसा स्पष्ट दिसत होता, मी स्वतः बर्नॉल लावायला निघालेले, नर्स असलेल्या एका ताईंनी हात धरला आणि आधी साधं पाणी ओत म्हणाल्या, भरपूर वेळ. तेव्हापासून स्पेअर बॅटऱ्या झिपच्या पिशवीत, एका पिशवीत एकच. फुगलेली बॅटरी तर सरळ बाद, "अजून एक सीझन चालेल" वगैरे काटकसर इथे नको, आणि बंद गाडीच्या डॅशबोर्डवर उन्हात सेट ठेवून जेवायला जायचं नाही.

बरं आता रेडिएशन, कारण खाली कोणीतरी विचारणारच. या लहरी एक्सरेसारख्या नसतात, पेशी फोडत नाहीत, जास्तीत जास्त ऊब देतात. पण म्हणून कसाही धरायचा असं नाही. पाच वॅटचा सेट म्हणजे मोबाईलपेक्षा बराच जास्त दमाचा, आणि ताकद सगळी अँटेनातून बाहेर पडते. आमच्याकडे एक काका तो फोनसारखा कानाला लावायचे, म्हणजे अँटेना थेट कानशिलाला टेकलेला, आणि वर कोणी जोरात बोललं की कानठळ्या. तसं नाही धरायचं. सेट उभा, तोंडासमोर, दोन-तीन बोटं लांब, अँटेना डोळ्यापासून दूर. डोळ्यात रक्तपुरवठा कमी, त्यामुळे उष्णता वाहून नेणं त्याला जमत नाही, म्हणून डोळ्याचं नाव मुद्दाम घेतात. शिवाय निम्म्यापेक्षा जास्त वेळ बटण दाबलेलं नको, असं सेटच्या माहितीपत्रकातच लिहिलेलं असतं, जे आपण खोक्याबरोबर फेकून देतो. ऐकताना मात्र सेट काही प्रक्षेपण करत नाही, त्यामुळे दिवसभर कमरेला आहे म्हणून घाबरायचं कारण नाही. कोणाला पेसमेकर असेल तर सेट छातीच्या पट्ट्यावर नको, किमान वीतभर लांब, आणि डॉक्टरांना विचारूनच.

अँटेना हे हँडल नाही हे किती वेळा सांगावं! सेट त्याला धरून उचलतात, झोके देतात, काही जण पट्ट्यात खोचायला त्रास होतो म्हणून फिरवून काढून ठेवतात आणि तसंच बटण दाबतात. अँटेना नसेल तर ताकद बाहेर जाणार कुठे, ती उलटी आत येते आणि आतला पॉवर ट्रान्झिस्टर जळतो. रबर फाटून आतली तार बाहेर आलेला अँटेना पण वापरायचा नाही, बोलताना अंगाला लागला तर बारीकसा चटका बसतो.

रेंजबद्दल खोक्यावर काय लिहिलेलं असतं, "१० किमी". हिशोबाने बरोबर आहे, सपाट मोकळ्या मैदानावर दोन माणसं छातीच्या उंचीला सेट धरून उभी राहिली तर पृथ्वीच्या गोलाईचा हिशोब साधारण तेवढाच येतो. पण सह्याद्रीत सपाट मैदान आणायचं कुठून. राजगडावर आम्ही नंतर मुद्दाम करून बघितलं, एक जण सुवेळा माचीवर, एक संजीवनीवर. मध्ये बालेकिल्ल्याचा एवढा मोठा कातळ. एक शब्द जाईना, नुसती खरखर. मग तिसरा बालेकिल्ल्यावर चढला, त्याला दोन्ही माच्या दिसतात, तो इकडचं ऐकून तिकडे सांगायला लागला आणि सगळं लख्ख. म्हणजे किलोमीटर विसरा, दिसतंय का ते बघा. खाली रानात, ओढ्यात, चारशे मीटरवरचा माणूसही गायब होऊ शकतो, आणि सेट कमरेला असेल तर आपलंच शरीर मध्ये येतं, हात वर करून बघायचं आधी. त्यामुळे "वॉकी आहे ना" म्हणून ग्रुप लांबवायचा नाही, हे माझं अगदी ठाम मत आहे, लीडला बॅक लीड दिसत नसेल तर लीडने थांबायचं, वॉकी असो नसो.

अजून एक गैरसमज, इमर्जन्सी झाली की वॉकीवरून पोलीस येतील. कसे येतील? तुमच्या चॅनलवर फक्त तुम्ही आणि शेजारचा ग्रुप. बाहेरच्या जगासाठी ११२, आणि त्याला फोन लागतो, म्हणून वॉकीचा उपयोग एवढाच की ज्याच्याकडे रेंज आहे त्याच्यापर्यंत निरोप पोचवायचा. निरोप पण कसा, "अरे लवकर या इकडे पडलंय कोणीतरी" असा नाही. कुठे, काय झालं, चालता येतंय का, काय हवंय. आणि ऐकणाऱ्याने तेच परत म्हणून दाखवायचं. बटण दाबल्यावर एक श्वास थांबायचं, नाहीतर पहिला शब्द खाल्ला जातो. आमचं एकदा "नका येऊ" मधलं "नका" गेलं आणि सहा जण चुकीच्या वाटेने उतरत आले, त्यामुळे नकार आता "थांबा" शब्दाने द्यायचा आणि दोनदा म्हणायचा. आधी ज्याला हाक मारायची त्याचं नाव, मग आपलं, "पद्मावती, पद्मावती, मी चोर दरवाजा." प्रायव्हसी कोड लावला म्हणून कोणी ऐकत नाही असंही समजू नका, त्या कोडने फक्त आपल्याला इतरांचा आवाज येत नाही, आपला सगळ्यांना जातो. कोणाच्या आजारपणाचं नाव घेऊन बोलू नये ते यासाठी.

आता जरा लाजिरवाणी गोष्ट. ते पाच वॅटवाले सेट मुळात आम्ही वापरायलाच नको होते. ऑनलाईन स्वस्त मिळाले, चायनीज, दोन बँडचे, पोरांनी कुठलीतरी फ्रिक्वेन्सी टाकून चालू केले, कोणाला काय माहीत. एका ट्रेकला हॅमची म्हणजे हौशी रेडिओची परवानगी असलेल्या एक ताई आल्या, त्यांनी सेटच्या स्क्रीनवरचा १४५ने सुरू होणारा आकडा बघितला आणि म्हणाल्या, "अगं हा तर आमचा बँड आहे, परीक्षा दिलीयेस का?" मी कसली परीक्षा. तर १४४ ते १४६ मेगाहर्ट्झ हा भारतात हौशी रेडिओवाल्यांचा पट्टा, त्यासाठी परीक्षा पास होऊन सरकारी परवाना आणि स्वतःचा कॉल साईन म्हणजे रेडिओवरचं ओळखनाव लागतं. त्याच्या वर-खाली पोलीस, वनखातं, इतर कोणकोण. चुकून तिकडे बटण दाबलं तर ती थट्टा राहत नाही, गुन्हा होतो.

विनापरवाना आपल्यासाठी आहे तो ४४६.० ते ४४६.२ मेगाहर्ट्झचा पट्टा, २०१८च्या नियमांनी मोकळा केलेला, कमी ताकदीच्या सेटसाठी. सेटला ईटीए म्हणजे सरकारी मान्यता आहे का ते घेतानाच विचारायचं. २०२५ मध्ये तर केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने ऑनलाईन विकणाऱ्यांना या सेट्सवरून नोटिसा काढल्या, नंतर नियमावलीही आणली, कारण फ्रिक्वेन्सी काय, परवाना लागतो का, काहीच न लिहिता धडाधड विक्री चालू होती. आम्ही जुने सेट बंद करून अर्ध्या वॅटचे चार घेतले. रेंज थोडी कमी झाली, खोटं कशाला बोलू, पण डोंगर मध्ये असला की पाच वॅटही तिथेच आपटत होते. उलट बॅटरी दिवसभर पुरते. त्या ताईंच्या नादाने मी परीक्षेचा अभ्यासही सुरू केलाय, ओहमच्या नियमापाशी अडकलेय, दहावीनंतर पहिल्यांदाच भेट.

वीज कडकडायला लागली तर वॉकीमुळे वीज पडते का असंही विचारतात. एवढ्याशा अँटेनाने काही फरक पडत नाही, तुम्ही माचीच्या टोकावर उभे आहात याने पडतो. एकदाच बोलून सगळ्यांना खाली बोलवायचं आणि स्वतःही उतरायचं. आणि जाताना गाडी चालवणाऱ्याने हातात वॉकी धरायचा नाही, मोटार वाहन कायद्यात हातात धरायचं कुठलंही संपर्काचं साधन आलं, फक्त मोबाईल नाही. शेजारच्याने बोलावं. पेट्रोल पंपावर सेट बंद, बॅटरी तिथे बदलायची नाही, ठिणगी पडते.

या रविवारी तोरणा आहे. चारही सेट आत्ता ओट्यावर चार्जिंगला लावलेत, एकाची बेल्ट क्लिप तुटलीये आणि दुकानदार म्हणतो क्लिप सुटी मिळत नाही, पूर्ण सेट घ्या. कोणाकडे बंद पडलेला सेट असेल तर क्लिप काढून आणा प्लीज, सकाळी साडेचारला बस निघायच्या आत.