मातीखाली आठ इंच

सकाळी पावणेसातला फोन आला तेव्हा मी चहा टाकत होते. बाणेरच्या एका सोसायटीचे चेअरमन बोलत होते. "मॅडम, तुमचं एक बकुळीचं झाड रात्री पडलं. गाडीवर पडलं. कोणाला लागलं नाही, पण आज संध्याकाळी मीटिंग आहे आणि लोक म्हणतायत उरलेली सगळी काढून टाका. तुम्ही एकदा येऊन बघता का?"

मेचा शेवटचा आठवडा. आदल्या रात्री वळवाने पुण्याला चांगलंच झोडपलं होतं. पण बकूळ अशी सहजासहजी पडत नाही, फार चिवट झाड आहे ते. शिवाय ही अकरा झाडं सात वर्षांपूर्वी मी स्वतः निवडली होती. आंध्रातल्या कडियमहून ट्रकने आलेली, एकेकीचा बुंधा तेव्हाच मनगटाएवढा.

साइटवर पोचले आणि थेट गुडघ्यावर बसले. मुळासकट उपटलेल्या झाडाच्या जागी मोठा खड्डा पडतो. इथे खड्डा नव्हताच. खोड मातीच्या किंचित खाली कटकन मोडलं होतं. हाताने उकरलं तर अंगठ्यापेक्षा जाड एक मूळ लागलं. बाहेर पसरायचं सोडून ते खोडालाच गुंडाळलं होतं, चांगला दीड वेढा. वेढ्याखाली खोड बारीक झालेलं आणि वेढ्याच्या वर उशीसारखं फुगून आलेलं.

हे मी दोनच महिन्यांपूर्वी पाहिलं होतं. या धंद्यात पंधरा वर्षं काढल्यावर, पहिल्यांदा.

आर्किटेक्टला १९७२ च्या कायद्याप्रमाणे नोंदणी करावी लागते. बागा करणाऱ्याला काहीच लागत नाही. कार्ड छापलं की झालं. मी साइटवरच शिकले, इतरांची कामं बघत: कोणतं झाड कधी फुलतं, लॉनला उतार किती द्यायचा, कशाशेजारी काय खुलतं. मातीखाली काय चाललंय ते मला कोणी दाखवलं नाही, आणि मीही कधी विचारलं नाही. मार्चमध्ये झाडांच्या निगेचं तीन दिवसांचं वर्कशॉप होतं. मार्चएंड, बिलं अडकलेली. जाऊ की नको असं शेवटपर्यंत चाललं होतं. दुसऱ्या दिवशी शिकवणाऱ्या सरांनी नर्सरीतलं आठ फुटी झाड आणलं, पिशवी फाडली आणि आम्हाला पाइपाने मुळं धुवायला लावली. तासाभराने माती गेली आणि आत पिशवीच्याच आकारात गोल गोल फिरलेली मुळं दिसली. छोट्या पिशवीत एकदा वळलेलं मूळ मोठ्या पिशवीत गेलं तरी तसंच राहतं, जमिनीत लावलं तरी सुटत नाही. मग दरवर्षी खोडही जाड होतं आणि मूळही. शेवटी फास बसतो. पानांनी केलेलं अन्न सालीच्या आतून मुळांकडे उतरतं, तोच रस्ता आवळला जातो. वरून झाड बरीच वर्षं ठीकठाक दिसतं. सरांनी ओळखायची खूण सांगितली होती: खोड जमिनीला टेकताना पायथ्याशी फाकलेलं हवं. विजेच्या खांबासारखं सरळ मातीत घुसलेलं दिसलं तर उकरून बघा.

मी मान वर करून उरलेल्या दहा झाडांकडे पाहिलं. दहाही खांब होते.

सोसायटीचे माळीकाका पहार घेऊन आले. मी म्हटलं, लोखंड नको, सालीला इजा होईल. त्यांनी बांबूच्या दोन कामट्या तासल्या, मी पाइप घेतला. पहिल्या झाडाशी पाऊण तास गेला. माती थोडी थोडी भिजवायची, कामटीने सैल करायची, हाताने काढायची. आठ इंच खाली गेल्यावर बुंध्याचा फाकलेला भाग लागला. त्या आठ इंचांतली साल काळी पडलेली, बोटाने दाबली तर मऊ, आणि कुबट वास. खोडाची साल कायम ओल्या मातीत राहायला बनलेलीच नसते.

"हे आठ इंच आले कुठून?" मी स्वतःशीच म्हणाले.

काका म्हणाले, "लॉन केलं तवा. लाल माती टाकली न्हाई का."

मोबाइलमध्ये जुनं बिल शोधलं. झाडं लावल्यावर दुसऱ्या वर्षी त्या पट्टीत लॉन करायचं ठरलं होतं. अठराशे चौरस फूट, बारा ब्रास लाल माती. बारा ब्रास म्हणजे बाराशे घनफूट, भागून बघितलं तर बरोबर आठ इंच. खाली सही माझी.

काका पुढे म्हणाले, "आमच्याकडं आंब्याचं कलम लावत्यात तवा जोड मातीच्या वर ठिवत्यात. जोड गाडला की कलम गेलं. मला तवाच वाटलं व्हतं."

"मग सांगितलं का नाहीत, काका?"

"मॅडम, तुमचा नकाशा व्हता."

याला माझ्याकडे उत्तर नव्हतं. नकाशात झाड म्हणजे एक वर्तुळ आणि मधोमध टिंब. लॉनचा हिरवा रंग मी त्या टिंबापर्यंत भरला होता.

दुपारी साडेचारपर्यंत आम्ही दहाही झाडं उघडी केली. चौथ्या झाडाला नर्सरीतली नायलॉनची दोरी तशीच होती, सालीत पूर्ण रुतलेली. ती गाठ लावण्याच्या दिवशी कात्रीने दोन सेकंदांत सुटली असती. तीन झाडांना सगळीकडून फास बसला होता, ती वाचण्यासारखी नव्हती. सात वाचतील असं वाटलं.

मीटिंगमध्ये मी उभी राहिले आणि आधी सांगून टाकलं की चूक माझी आहे. लावताना मुळं तपासली नाहीत, पिशवीतली वळलेली मुळं कापली नाहीत, मातीची पातळी वाढवायला मीच मंजुरी दिली. खोलीत शांतता झाली. ज्यांची गाडी होती ते गृहस्थ फार चिडले, आणि ते साहजिक होतं. मग मी मोडलेला बुंधा टेबलावर ठेवला आणि वेढा दाखवला. झाड काढायचं तर १९७५ च्या कायद्याखाली महापालिकेच्या वृक्ष प्राधिकरणाची परवानगी लागते. तिघांसाठी अर्ज करू, तोवर त्यांच्या फांद्या हलक्या करून आधार देऊ आणि खाली गाड्या लावू देऊ नका, सातांचं काम मी पैसे न घेता करते, असं सांगितलं. एक आजी म्हणाल्या, बकुळीची फुलं वेचायला मी रोज खाली उतरते, ती तेवढी राहू द्या. मतं घेतली. सात राहिली.

पाऊस लागायच्या आत काम उरकलं. प्रत्येक झाडाभोवती पाच फुटांचं लॉन काढलं, माती मूळ पातळीला आणली, कडेला हलका उतार दिला, वर पालापाचोळा पसरला, खोडापासून वीतभर लांब. आवळणारी मुळं पटाशीने आणि छोट्या करवतीने कापली, पण एका झाडाची सगळी एकदम कापली नाहीत. तीच मुळं त्याला पाणीही देत असतात. निम्मी पुढच्या वर्षी.

आता माझ्या नकाशांत झाडाचा उभा छेद असतो आणि टेंडरमध्ये एक ओळ: बुंध्याचा फाकलेला भाग जमिनीच्या पातळीला किंवा दोन बोटं वर. पुढच्या वर्कशॉपला माळीकाकांची फी मी भरली. तिथे त्यांनी कलमाच्या जोडाचं सांगितलं तेव्हा सरांनी ते फळ्यावर काढून घेतलं.

जुन्या वह्या चाळल्या तर मोठी झाडं लावलेल्या माझ्या एकोणीस साइट निघाल्या. प्रत्येकाला फोन करते, काय बघायचंय ते सांगते. दोघांनी नको म्हटलं. सहा साइट उकरून झाल्या, सातवी उद्या कोथरूडला. काकांनी कामट्या आजच तासून ठेवल्यात.