बोन मॅरो: पहिला अर्धा एमएल

"बोन मॅरो (हाडाच्या आतली, रक्तपेशी तयार करणारी मज्जा) काढावा लागेल" म्हटलं की नातेवाइकांचा पहिला प्रश्न ठरलेला असतो: मणक्यात सुई घालणार का, पाय लुळे पडणार नाहीत ना? आपल्या भाषेत मज्जारज्जू आणि अस्थिमज्जा या दोन्हींत 'मज्जा' आहे, त्यामुळे हा घोळ आणखी वाढतो. ही सुई मणक्यात जातच नाही. कमरेला मागे खळी दिसते, तिथे चाचपलं की बोटाला हाडाचा टणक उंचवटा लागतो. सुई त्यात जाते. पाठीतून पाणी काढणं ही वेगळी तपासणी आहे आणि तिचं कारणही वेगळं.

छातीच्या मधल्या हाडातूनही नमुना घेता येतो, पण फक्त पातळ मज्जा, हाडाचा तुकडा नाही, आणि तीही मोठ्या माणसांतच. तिथे हाड पातळ आहे आणि त्याच्या मागे हृदय आणि मोठ्या रक्तवाहिन्या आहेत. सुईवर गार्ड बसवल्याशिवाय तिथे जाऊच नये. मायलोमाची (मज्जेतल्या पेशींचा कॅन्सर) शंका असेल तर ही जागा टाळावीच, कारण हाड आतून पोखरलेलं असू शकतं.

पेशंटला कुशीवर, गुडघे पोटाशी घेऊन झोपवतात. 2 टक्के लिग्नोकेन (जागा बधिर करणारं औषध) थोडं कातडीत आणि बाकीचं हाडावरच्या आवरणात द्यायचं, तेही एकाच बिंदूत न देता नाण्याएवढ्या भागात पसरून. मोठ्या माणसाला 5 ते 10 एमएल पुरतं. त्यानंतर दोन-तीन मिनिटं थांबायला हवं. पेशंट कळवळतो तो बऱ्याचदा इथे केलेल्या घाईमुळे. मज्जा ओढतानाची कळ मात्र या भुलीने जात नाही, कारण ती हाडाच्या आत दाब एकदम कमी झाल्याने येते. ती काही सेकंदच टिकते, म्हणून आधी सांगावं: "काका, आता मांडीपर्यंत कळ जाईल, पाचपर्यंत मोजा." सांगून केलं की माणूस निभावून नेतो.

स्टायलेटसकट (सुईच्या पोकळीतली काढता येणारी सळई) सुई डावीउजवीकडे फिरवत आत न्यायची. हाडाचं कवच ओलांडलं की अडकाव एकदम सैल होतो आणि हात सोडला तरी सुई उभी राहते. मग स्टायलेट काढून सिरिंज लावायची, दट्ट्या झटक्यात ओढायचा आणि 0.25 ते 0.5 एमएलवर थांबायचं. त्यापुढे जे येतं त्यात मज्जा कमी आणि आजूबाजूच्या रक्तवाहिन्यांतलं रक्त जास्त. एकाच ओढीत 5 एमएल घ्यायचे आणि सगळ्या ट्यूबा भरायच्या, ही सवय मोडायलाच हवी. असं रक्त मिसळलेल्या पातळ नमुन्यात ब्लास्ट (अपरिपक्व) पेशी 20 टक्क्यांच्या वर आहेत की खाली, हा ल्युकेमियातला (रक्ताच्या कॅन्सरमधला) कळीचा प्रश्नही चुकीचा सुटू शकतो. स्लाइडसाठीचा थेंब पहिल्या ओढीचाच हवा. फ्लो सायटोमेट्री (पेशींचे प्रकार ओळखणारी तपासणी) आणि जनुकीय तपासण्यांसाठी दुसरी सिरिंज लावावी. गुणसूत्रांसाठी सोडियम हेपॅरिनची ट्यूब आणि पीसीआरसाठी (डीएनएच्या प्रती वाढवून करायची तपासणी) ईडीटीएची; ही दोन्ही रक्त गोठू न देणारी रसायनं आहेत. इथे अदलाबदल चालत नाही, कारण हेपॅरिन पीसीआरमधल्या एन्झाइमला अडवतं.

थेंब तिरप्या काचेवर सोडून बघा. रक्त खाली निथळतं आणि चमकत्या तेलकट ठिपक्यांमध्ये रव्यासारखे करडे-पांढरे कण काचेला चिकटून राहतात. ते दिसले की मज्जा आली. कण उचलून दुसऱ्या स्लाइडवर ओढले की प्रत्येक कणामागे पेशींची शेपटी उमटते आणि मायक्रोस्कोपखाली वाचायची ती शेपटीच. हे सगळं गुठळी धरायच्या आत, मिनिटाभरात व्हायला हवं. त्यामुळे ओढणारा एक आणि स्लाइड करणारा दुसरा, अशी दोन माणसं असावीत.

सर्वात जास्त जीव जळतो तो फॉर्मॅलिनच्या वाफेने वाया गेलेल्या स्लाइड बघून. बायोप्सीची (मज्जेसकट काढलेला हाडाचा तुकडा फॉर्मॅलिनमध्ये ठेवलेली) बाटली त्याच ट्रेमध्ये उघडी ठेवलेली असते किंवा स्लाइडच्या डब्यासोबत एकाच पिशवीत पाठवलेली असते. त्या वाफेने पेशी निळसर-हिरवट दिसतात, त्यांच्यातले दाणे रंग धरत नाहीत आणि मग पेशंटला पुन्हा टोचावं लागतं. बाटली आणि स्लाइड वेगळ्या पिशव्यांत द्या, इतकं साधं आहे.

कधी सुई बरोबर जागी असूनही काहीच येत नाही. याला ड्राय टॅप म्हणतात. तो नेहमी हाताचा दोष नसतो. मायलोफायब्रोसिसमध्ये मज्जेत तंतू भरतात, हेअरी सेल ल्युकेमियातही तसंच होतं, काही ल्युकेमियांत पेशी ठासून भरलेल्या असतात, तर कधी दुसरीकडचा कॅन्सर हाडात आलेला असतो. अशा वेळी बायोप्सीचा तुकडा फॉर्मॅलिनमध्ये टाकण्याआधी स्लाइडवर हलकेच टेकवून ठसे घ्यावेत. घासायचे नाहीत. पेशी कशा आहेत हे दाखवणारा तोच आधार उरतो.

बायोप्सी जमशिदी नावाच्या जाड पोकळ सुईने, त्याच छेदातून पण हाडावर जरा बाजूला करतात, कारण ओढलेल्या जागी नुसतं रक्त साकळलेलं असतं. तुकडा निदान दीड-दोन सेंटिमीटर हवा. प्रक्रियेत तो आणखी आखडतो. या सुईचं टोक निमुळतं असतं, म्हणून तुकडा टोकाकडून मुठीकडे ढकलून काढायचा. उलटा ढकलला तर चिरडतो.

ही तपासणी प्रत्येक पांडुरोगात लागत नाही. विदर्भात सिकल सेलचे पेशंट भरपूर आहेत, पण ते निदान रक्ताच्या एचपीएलसी (हिमोग्लोबिनचे प्रकार वेगळे करणाऱ्या) तपासणीतून होतं. तिन्ही प्रकारच्या पेशी कमी असतील तर आपल्याकडे आधी बी-12 आणि फोलेट बघावं, त्यांची कमतरता हे इथे नेहमीचं कारण आहे. मॅरो करायचंच ठरलं असेल तर बी-12चं इंजेक्शन आधी देऊ नका. एक-दोन दिवसांतच मज्जेतलं चित्र बदलतं आणि खूण पुसली जाते. प्लेटलेट कमी असणं ही मात्र अडचण नाही, नीट दाबून धरलं तर भागतं. हिमोफिलिया किंवा रक्त पातळ करणारी औषधं असतील, तर आधी तज्ज्ञांना विचारूनच सुई हातात घ्यावी.

स्लाइडचा रिपोर्ट लवकर येतो आणि बायोप्सीचा उशिरा, कारण हाडातलं कॅल्शियम विरघळवल्याशिवाय तुकडा कापता येत नाही. ॲसिडने ते झटपट होतं, पण डीएनए खराब होतो. ट्यूबमधलंच ईडीटीए इथे कॅल्शियम काढायला वापरलं तर जास्त वेळ लागतो, पण त्यानंतर त्याच तुकड्यावर पुढच्या तपासण्या करता येतात.