मान मोडून का देत नाही?

तुम्ही विचारलंत म्हणून लिहिते. टेबलावर झोपता झोपता येणारा प्रश्न आहे हा: "ताई, एकदा कटकन आवाज काढून द्या ना. बाकीचे देतात. तुम्हाला येत नाही का?"

येतं. ऑस्टिओपॅथीच्या, म्हणजे हातांनी सांधे-स्नायूंवर उपचार करण्याच्या पद्धतीच्या, प्रशिक्षणात मानेचा झटका रीतसर शिकवतात. बोटाची कड कुठल्या मणक्यावर टेकवायची, मान किती कलती करायची, उलट बाजूला किती वळवायची, आणि सांधा अडतो त्या टोकाशी पोचल्यावर अगदी छोटी, पण चटकन हालचाल. तिथे ताकद लागत नाही, वेग लागतो. समोरच्याने अंग आवळून धरलं असेल तर झटका द्यायचाच नाही, हेही तिथेच शिकवतात.

आधी आवाजाचं सांगते, कारण सगळी गडबड त्यानेच होते. आवाज आला की हाड बसलं, असं तुम्हाला वाटतं. हाड सरकलेलं नसतंच. खरंच सरकलं असेल तर तुम्ही माझ्याकडे नाही, शस्त्रक्रियेच्या टेबलावर असायला हवं. २०१५ साली कॅनडातल्या अल्बर्टा विद्यापीठात बोटाचा सांधा ओढून, आत काय होतं ते एमआरआयवर पाहिलं. आवाज येतो त्या क्षणी सांध्यातल्या द्रवात पोकळी तयार होताना दिसली. तोच सांधा पुन्हा वाजायला साधारण वीस मिनिटं जावी लागतात. झटक्यानंतर स्नायू काही वेळ सैल पडतात, दुखणं उतरतं, हे खरं आहे. ते नाकारत नाही मी. पण आवाजाशिवायही सैल पडतात.

आता मानेचं. मानेच्या मणक्यांना दोन्ही बाजूंना छिद्रं असतात. मेंदूच्या मागच्या भागाला रक्त नेणारी धमनी सहाव्या मणक्यापासून वर त्या छिद्रांतून जाते आणि पहिल्या मणक्यावर वळसा घेऊन कवटीत शिरते. मान वळते त्यातली जवळपास निम्मी हालचाल वरच्या दोन मणक्यांमध्येच होते, म्हणजे धमनीला पीळ पडतो तोही तिथेच. तिचं आतलं अस्तर फाटलं तर तिथे गुठळी धरते, आणि ती पुढे सरकली तर पक्षाघात. हे क्वचित होतं. क्वचितच होतं, हे पुन्हा लिहिते, कारण घाबरवणं हा माझा उद्देश नाही.

एका शनिवारी संध्याकाळी चाळिशीतले एक गृहस्थ आले. तीन दिवस उजवीकडे, कवटीच्या बुडाशी दुखत होतं. त्याच्या आधी सलूनमध्ये मान दोन्हीकडे मोडून घेतली होती. "तेव्हा नीट मोडली गेली नाही, तुम्ही मोडा." मी विचारलं, असं पूर्वी कधी दुखलंय? ते म्हणाले, "नाही, हे वेगळंच आहे." माझ्यासाठी सगळं या एका उत्तरावर फिरलं. मग एकेक तपासलं. रक्तदाब वाढलेला. दोन्ही पापण्या सारख्या आहेत का, बाहुल्या सारख्या आहेत का, एकाचं दोन दिसतं का, बोलताना जीभ अडखळते का, पाणी गिळता येतं का, बोट नाकाला नेमकं लागतं का. हे सगळं ठीक. एका पायाची टाच दुसऱ्या पायाच्या बोटांना लावत सरळ रेषेत चालायला सांगितलं तर दोनदा एकाच बाजूला तोल गेला. "चप्पल नाही ना पायात," म्हणाले.

डोकं मागे टाकून वळवून धरायचं आणि चक्कर येते का ते पाहायचं, अशी एक जुनी चाचणी आहे. ती केली नाही. तिच्यावर भरवसा ठेवता येत नाही, आणि धमनी खरंच फाटलेली असेल तर ती चाचणीच धोक्याची. हात न लावता सांगितलं, आत्ता रुग्णालयात जा, मानेच्या रक्तवाहिन्यांची तपासणी करायला सांगा. तक्रार, रक्तदाब, तोल गेल्याचं, सगळं वेळेच्या नोंदीसह चिठ्ठीवर लिहून दिलं. पैसे घेतले नाहीत. "निदान मालिश तरी करा," म्हणाले. तेही केलं नाही. दुखणं तात्पुरतं उतरलं असतं आणि ते घरी जाऊन झोपले असते.

ते रुग्णालयात गेले नाहीत. दुसरीकडे मान मोडून घेतली आणि आठवड्याने निरोप पाठवला: काही नव्हतं, एका झटक्यात मोकळं झालं, तुम्ही उगाच घाबरवलंत, तुम्हाला येत नाही तर तसं सांगायचं.

ते बरे आहेत याचा मला आनंद आहे. तरी तो निरोप अजून सलतो. ते सुखरूप आहेत एवढ्यावरून माझा निर्णय चूक ठरतो का? आणि पक्षाघात झाला असता तर तेवढ्यावरून बरोबर ठरला असता का? फाटलेल्या धमनीचं पहिलं लक्षण पुष्कळदा मानदुखीच असतं, आणि तीच घेऊन माणूस मान मोडून घ्यायला जातो. म्हणून झटक्याने फाटली की आधीच फाटलेली होती, यावर अभ्यासकांचंही एकमत नाही.

मग मी करते काय? मान धरली असेल तर बहुतेक वेळा मानेच्या बाजूकडून खांद्याच्या पात्याच्या वरच्या कोपऱ्यापर्यंत जाणारा स्नायू आवळलेला असतो. उताणं झोपवून मान अडते तिथपर्यंत न्यायची. तुम्ही खांदा कानाकडे उचलायचा, मी रोखायचा, पाच ते सात सेकंद, ताकदीचा पाचवा हिस्सा. श्वास सोडा, सैल पडा, मग मान थोडी पुढे न्यायची. असं तीन ते पाच वेळा. लोक इथेच चुकतात: पूर्ण जोर लावतात आणि स्नायू आणखी आवळतो. फारच दुखत असेल तर उलट, ज्या स्थितीत दुखणं कमीत कमी तिथे नव्वद सेकंद धरून, हळू परत आणायचं. तेल चमचाभर पुरतं. जास्त झालं की बोटं कातडीवरून नुसती घसरतात, खालचा स्नायू पकडीत येत नाही.

शिकत असताना मला आवाजच पुरावा वाटायचा. केसावर कागद ठेवून तो बोटांनी शोधायचा, सापडला की वर आणखी एक पान, असा सराव आमच्याकडून करून घेत, तेव्हा तो वेळकाढूपणा वाटे. त्या वेळच्या माझ्याशी अजून वाद होतो. ती म्हणते, जवळजवळ कुणालाच काही होत नाही, लोकांना चटकन आराम हवा असतो, आणि तू नाही म्हटलंस की ते अजिबात न शिकलेल्या माणसाकडे जातात. या शेवटच्या मुद्द्याला माझ्याकडे उत्तर नाही. ब्रिटनमध्ये १९९३ च्या कायद्याने नोंदणीशिवाय ऑस्टिओपॅथ म्हणवून घेता येत नाही. आपल्याकडे तशी वेगळी परिषद नाही, पाटी कुणीही लावू शकतं.

पाठीच्या मधल्या भागाला झटका मी देते, तुम्ही हो म्हणालात तर. हाडं ठिसूळ असतील, स्टेरॉइड दीर्घकाळ चालू असतील, रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या असतील, तर नाही. रूमॅटॉइड संधिवात (आमवात) असेल तर मानेला नाहीच, कारण त्यात वरच्या दोन मणक्यांमधले बंध सैल झालेले असू शकतात. म्हणून येताना गोळ्यांची चिठ्ठी आणा. पहिली पंधरा मिनिटं प्रश्न विचारण्यातच जातील.