तुम्ही विचारलंत म्हणून: श्रीमंत देशातल्या रुग्णवाहिकेला अनुदान कशाला?

अमेरिकेसारख्या सधन देशात रुग्णवाहिकेवरच्या माणसांना शिकवण्यासाठी सरकारी अनुदान कशाला लागते, असे गावाकडचे नातेवाईक मला नेहमी विचारतात. आयोवा राज्यातल्या एका छोट्या गावात मी स्वयंसेवक ईएमटी, म्हणजे रुग्णवाहिकेवर तातडीचे उपचार करणारी प्रशिक्षित कर्मचारी, म्हणून काम करते, म्हणून हे उत्तर.

येथील ग्रामीण भागात रुग्णवाहिकेवर पुष्कळदा पगारी माणसे नसतात. शेतकरी, शिक्षक, दुकानदार असे लोक पेजर वाजला की हातातले काम टाकून निघतात. ईएमटी होण्यासाठी साधारण 150 तास किंवा त्याहून जास्त प्रशिक्षण घ्यावे लागते, मग राष्ट्रीय परीक्षा असते. वृद्धांचा सरकारी विमा, म्हणजे मेडिकेअर, सहसा रुग्णाला वाहून नेले तरच पैसे देतो. त्यामुळे जिथे फोनच कमी येतात, तिथे शिकण्याचा आणि सज्ज राहण्याचा खर्च भरून निघण्याचा मार्ग उरत नाही.

ही उणीव ओळखून 2018 च्या शेतीविषयक कायद्यात ‘सायरन’ या नावाने ओळखली जाणारी तरतूद करण्यात आली. तिच्यानुसार ग्रामीण पथकांना भरती, प्रशिक्षण आणि साहित्य यांसाठी 2 लाख डॉलरपर्यंत अनुदान मिळू शकते. मात्र 10 टक्के वाटा पथकाने स्वतः उभा करायचा असतो. हा वाटा आणि तो किचकट अर्ज, दोन्ही सर्वांत लहान पथकांनाच जड जातात, आणि मला ते फार खटकते, कारण गरज तिथेच सर्वाधिक आहे.

आमचा वर्ग अग्निशमन केंद्रात संध्याकाळी भरतो. बंब बाहेर काढून त्या जागी खुर्च्या मांडतात, आणि दिवसभर ट्रॅक्टर चालवून आलेला माणूस जमिनीवर गुडघे टेकून, बंद पडलेले हृदय चालू ठेवण्याचा सराव म्हणून, पुतळ्याची छाती मिनिटाला 100 ते 120 वेळा, किमान 5 सेंटिमीटर खोल दाबत राहतो. मका आणि सोयाबीनच्या काढणीत मात्र निम्म्या खुर्च्या रिकाम्या असतात. फी कोणी भरली, तरी त्याचा बुडालेला वेळ कोण भरून देणार? माझ्या मते शिकणाऱ्याच्या तासांचा मोबदला हा अनुदानाच्या हिशेबात पुस्तके आणि पुतळे यांच्याआधी यायला हवा.

आणि अनुदान संपल्यावर काय, हा प्रश्न उरतोच. आयोवाने 2021 मध्ये काउंट्यांना, म्हणजे आपल्या जिल्ह्यांसारख्या विभागांना, रुग्णवाहिका सेवा अत्यावश्यक ठरवण्याची आणि 60 टक्के मतदारांच्या संमतीने तिच्यासाठी कर बसवण्याची मुभा दिली. अनुदानाच्या अर्जाइतकीच मेहनत आम्ही आता त्या मतदानासाठी घेत आहोत.