हायपोने कोटिंग धुऊन नेलं तेव्हा

पीएचडीचं पहिलं दीड वर्ष माझं एकाच गोष्टीत गेलं, मेम्ब्रेनवर, म्हणजे पाणी गाळणाऱ्या बारीक छिद्रांच्या पडद्यावर, चिकट थर बसू नये म्हणून काय करायचं. सांडपाणी परत वापरायचं तर बऱ्याचदा अल्ट्राफिल्ट्रेशन, म्हणजे अशा मेम्ब्रेनमधून दाबाने गाळणं, लागतं, पण प्रोटीन, कुजलेल्या पाल्यातून येणारं ह्युमिक अ‍ॅसिड, बॅक्टेरियाचा बुळबुळीत थर छिद्रांवर बसला की पाणी जायचं कमी होतं आणि पंपाचं बिल वाढतं.

मेम्ब्रेन बनवायची म्हणजे पीव्हीडीएफ हे प्लास्टिक एनएमपी या सॉल्व्हंटमध्ये रात्रभर ढवळायचं, मधासारखं झालं की काचेवर ओतून ब्लेडने ओढायचं आणि काच पाण्यात सोडायची, बघता बघता पारदर्शक थर दुधासारखा पांढरा होऊन काचेवरून सुटतो, ते बघायला मला अजूनही आवडतं. पावसाळ्यात मात्र हवेतलीच ओल थर धुरकट करायची, पाण्यात सोडायच्या आधीच, मग अख्खी बॅच वाया.

वर कोटिंग पॉलिडोपामिनचं, म्हणजे डोपामिनचे रेणू जोडून बनणाऱ्या चिकट पॉलिमरचं. कोकणात शिनाणे (एक प्रकारचे शिंपले) खडकाला कसे घट्ट चिकटतात, त्याच रसायनावरून अमेरिकेतल्या नॉर्थवेस्टर्न विद्यापीठाच्या मेसरस्मिथ यांच्या ग्रुपने २००७ मध्ये ही पद्धत दिली. पीएच ८.५ ला स्थिर ठेवणाऱ्या ट्रिस बफरमध्ये मिलिलिटरला २ मिलिग्रॅम डोपामिन, हळूहळू सगळं काळपट तपकिरी होतं. बीएसए या नेहमीच्या चाचणीच्या प्रोटीनची टेस्ट मस्त आली, नुसत्या पाण्याने धुतलं तरी फ्लक्स, म्हणजे पाणी जायचा वेग, बराच परत यायचा. मी खूश होते.

मग एका सोसायटीच्या एसटीपीचं (सांडपाणी शुद्धीकरण प्लांटचं) पाणी आणायला गेले तर तिथले ऑपरेटर काका म्हणाले, "मॅडम, आम्ही तर मेम्ब्रेन हायपोनेच धुतो, त्याला टिकेल का?" हायपो म्हणजे सोडियम हायपोक्लोराइट, ब्लीचचं द्रावण. हा प्रश्न मी स्वतःला कधी विचारलाच नव्हता. लॅबमध्ये येऊन तुकडा हायपोत टाकला, सकाळी बघितलं तर तपकिरी रंग गेलेला, मेम्ब्रेन पांढरीफटक. हायपो पॉलिडोपामिनला ऑक्सिडाइज करून तोडतो. त्या दिवशी खरंच रडू आलं.

गाइड सरांनी सांगितलं, वरून लावू नकोस, आतच मिसळ. म्हणून झ्विटरआयॉनिक (धन आणि ऋण दोन्ही भार असलेले) गट असलेला कोपॉलिमर डोपमध्येच, म्हणजे त्या मधासारख्या द्रावणातच, घातला, काच पाण्यात गेली की त्याचा पाणीप्रेमी भाग आपोआप पृष्ठभागाकडे सरकतो, पाण्याचे रेणू घट्ट धरून ठेवतो आणि प्रोटीनला बसायला जागाच मिळत नाही. प्रमाण जमायला सहा महिने गेले, जास्त झालं की मेम्ब्रेन प्रेशरखाली फाटायची.

आता तुकडे आधी हायपोत ठेवते, मग फ्लक्स मोजते. मागच्या आठवड्यात काकांच्याच प्लांटचं पाणी सोडलं, वर राखाडी थर बसला होता, नळाखाली धरला तर सोलल्यासारखा निघून गेला.